आरसी ग्लायडरसाठी स्वस्तातला व्हेरिओ: नेमकं काय घ्यावं?

धुऱ्यावरचा
दोन मीटर पंखाचा फोमचा मोटर-ग्लायडर आहे. रेडिओ एजटीएक्स फर्मवेअरवाला, आतच ईएलआरएस २.४ (रेडिओ आणि विमान यांतला बिनतारी दुवा). रिसीव्हर साधा, सहा चॅनलचा, सर्व्हो थेट लागतात तसला. आमच्याकडे आर्वी भागात गहू-हरभरा निघाला की वावरं मोकळी होतात आणि थर्मलला, म्हणजे वर चढणाऱ्या तापल्या हवेला, तोटा नसतो. पण ग्लायडर अडीचशे-तीनशे मीटर लांब गेला की चढतोय की नुसता वाऱ्यासोबत सरकतोय, ते खालून उमगत नाही. तयार व्हेरिओचे (चढ-उतार सुरानं सांगणाऱ्या यंत्राचे) भाव विमानाच्या निम्म्यावर जातात. दोन हजारांच्या आत काही जमेल का? सोल्डरिंग येतं, प्रोग्रॅमिंग नाही. बीएमपी२८० हा हवेच्या दाबाचा सेन्सर शे-दीडशेला मिळतो. तो चालतो की नुसते पैसे पाण्यात?

घारघिरट्या
घारीच्या मागं लावा भाऊ. बिनबॅटरीचा व्हेरिओ आहे.

पऱ्हाटी_लँडिंग
घार पण आपल्या ग्लायडरच्या मागं येते ना! मग कोण कोणाच्या भरवशावर हाय ते पाहा अगोदर.

राळ_आणि_कथील
मस्करी ठेवा बाजूला, प्रश्न चांगला आहे.

बीएमपी२८० चालतो, पण तो कुठं कमी पडतो ते समजून घ्या. जमिनीलगत एक मीटर चढलं की हवेचा दाब साधारण ११-१२ पास्कलने उतरतो. बीएमपी२८० चा फिल्टर बंद असताना नॉइज (रीडिंगमधली खोटी थरथर) १.३ पास्कलच्या आसपास, म्हणजे उंचीत अकरा सेंटीमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण व्हेरिओला उंची नको असते, उंची किती वेगानं बदलते ते हवं असतं. सेकंदाच्या दहाव्या भागात दहा सेंटीमीटरची खोटी उडी पडली की हिशोब निघतो सेकंदाला एक मीटर चढ. टेबलावर ठेवलेला सेन्सर थर्मलमध्ये असल्यासारखा गातो तो यामुळे.

त्यावर उपाय फिल्टरचा. चिपमध्येच आहे, सोळा नंबरवर ठेवला की नॉइज ०.२ पास्कलवर येतो. मात्र दाब बदलला की पंचाहत्तर टक्के फरक दिसायला त्याला २२ रीडिंग लागतात. सगळ्यात बारीक मोडमध्ये हा सेन्सर सेकंदाला सव्वीसेक रीडिंग देतो, म्हणजे पाऊण सेकंदाहून जास्त उशीर. ग्लायडर सेकंदाला दहा मीटर जात असेल तर सूर वाजेपर्यंत तो आठ-नऊ मीटर पुढं गेलेला असतो. अरुंद थर्मल असला तर तेवढ्यात बाहेरही पडतो.

एमएस५६११ या दुसऱ्या दाबाच्या सेन्सरचा एका रीडिंगचा नॉइज जवळपास तेवढाच, १.२ पास्कल. फरक वेगात आहे. त्याचं एक बारीक रीडिंग नऊ मिलिसेकंदात होतं, सेकंदाला शंभराच्या घरात. शंभरांची सरासरी सव्विसांच्या सरासरीपेक्षा दुप्पट शांत असते आणि उशीरही वाढत नाही. व्हेरिओवाले याच्या मागं लागतात ते म्हणून. भाव मात्र बीएमपी२८० च्या काही पट.

उन्हाळवाही
मुळात व्हेरिओ पाहिजे कशाला? ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनमध्येसुद्धा (जिथं उडवायला परवानगी लागत नाही) १२० मीटरच्या वर जायचं नाही. एवढ्या उंचीवर दोन मीटरचं विमान डोळ्यांनी स्वच्छ दिसतं. शेपूट वर उचललं, एक पंख आपोआप वर झाला की थर्मल आहे. हे डोळ्याचं शिक्षण आहे. पिंगपिंग ऐकून थर्मल धरणारे पुढं आवाज बंद पडला की हातपाय गाळतात.

धुऱ्यावरचा
@उन्हाळवाही, पंख उचललेला दिसतो, मान्य. पण साठ मीटर उंचीवर आणि तीनशे मीटर अंतरावर असताना सेकंदाला तीस सेंटीमीटरचा चढ की तेवढाच उतार, हे कसं ओळखायचं? सगळा घोळ तिथंच आहे.

निळी_दोरी
उन्हाळवाहीकाका अर्धे बरोबर आहेत. पंखाचं उचलणं थर्मलची कड दाखवतं, मधला भाग दाखवत नाही. घिरटी घालताना कुठल्या बाजूला सूर चढतो ते ऐकून वर्तुळ तिकडं सरकवायचं, हे काम कानाचं. आणि १२० मीटरची मर्यादा म्हणाल तर तीच व्हेरिओ घेण्याचं दुसरं कारण. खालून डोळ्यांनी १०० आणि १४० मीटर यातला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही. सेन्सर ते तोंडानं सांगतो.

एजटीएक्समध्ये लॉजिकल स्विच: उंची १०५ पेक्षा जास्त. त्यावर स्पेशल फंक्शन: उंची बोल, दर पाच सेकंदांनी. झालं.

उन्हाळवाही
१०५ का, ११५ का नाही?

निळी_दोरी
उन्हामुळं. सेन्सर दाबावरून उंची काढतो ती प्रमाण हवेचा हिशोब धरून, म्हणजे समुद्रसपाटीला १५ अंश. आपण जवळपास तीनशे मीटरवर, तिथं त्या हिशोबात १३ अंश येतात. मे महिन्यात हवा ४२ अंशाला असली की ती विरळ झालेली असते आणि तेवढाच दाब कमी व्हायला जास्त चढावं लागतं. केल्विनमध्ये ३१५ भागिले २८६, म्हणजे दहा टक्के. सेन्सर १०५ म्हणतो तेव्हा विमान खरं ११५ वर असतं. हिवाळ्यात सकाळी हा फरक नगण्य. चढाचा आकडाही दहा टक्के कमी दिसतो, पण सुराला त्यानं काही होत नाही.

विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मर्यादा आणखी खाली, ६० मीटर. नागपूरच्या आसपासच्या गावांनी नकाशा पाहूनच उडवायचं. मेळघाट, ताडोबाकडं तर विमान काढूच नका.

पऱ्हाटी_लँडिंग
हे दहा टक्क्यांचं मले ठाऊकच नव्हतं. उन्हाळ्यात सेन्सरलेही चक्कर येते म्हणायची.

सव्वा_वोल्ट
मूळ प्रश्नावर. रेडिओ एजटीएक्स आणि ईएलआरएस आहे म्हणता, तर अर्धं काम झालेलं आहे. व्हेरिओची खरी किंमत सेन्सरमध्ये नसते, त्याची माहिती विमानातून जमिनीवर आणण्यात असते. तुमच्याकडं टेलिमेट्री (विमानातली माहिती रेडिओवर येण्याची सोय) आणि वाजणारा रेडिओ दोन्ही आहेत. तीन रस्ते दिसतात.

पहिला, रिसीव्हरच बदलायचा. रेडिओमास्टरचे ईआर६जीव्ही, ईआर८जीव्ही आणि माटेकचा आर२४-पी६व्ही यांत दाबाचा सेन्सर आतच असतो. सर्व्हो थेट लागतात, सोल्डरिंग शून्य, बाइंड केलं (रेडिओशी जोडलं) की काम झालं. बजेटच्या वर जातील, पण जुना रिसीव्हर दुसऱ्या विमानाला वापरता येतो.

दुसरा, ओपनएक्ससेन्सर, म्हणजे छोट्या बोर्डात टाकायचं तयार फर्मवेअर. छोटा आरपी२०४०-झिरो बोर्ड आणि एमएस५६११. यात एक अडचण आहे ती आधीच सांगतो. ईएलआरएसमध्ये हा बोर्ड रिसीव्हरशी सीआरएसएफ या सिरियल भाषेत बोलतो, म्हणजे रिसीव्हरला आरएक्स-टीएक्सचे पॅड हवेत. तुमचा सर्व्हो-थेट रिसीव्हर तसाच्या तसा चालेल असं धरू नका. उलट सगळ्यात स्वस्त, बोटाच्या पेराएवढा सिरियल रिसीव्हर घ्या. सर्व्होंचे सिग्नल आरपी२०४० च काढून देतो आणि उंचीही तोच पाठवतो.

तिसरा, घरात एखादा जुना फ्लाइट कंट्रोलर पडला असेल आणि त्यावर दाबाचा सेन्सर असेल तर त्यात आयनॅव्ह हे फर्मवेअर टाका. ते दाबासोबत अॅक्सिलरोमीटरही धरतं, म्हणून चढाचा आकडा लवकर येतो. पण नुसत्या व्हेरिओसाठी आयनॅव्ह शिकायचं म्हणजे पोळ्याला बैल नाही म्हणून ट्रॅक्टर सजवण्यासारखं आहे.

घारघिरट्या
ट्रॅक्टर सजवतात आमच्याकडं. झूल पण घालतात.

काळी_कपाशी
माझ्याकडं एफएस-आय६ रेडिओ आहे. विदर्भात निम्म्या लोकांकडं तोच असेल. त्याला काय?

सव्वा_वोल्ट
@काळी_कपाशी, आय६ ला आयए६बी रिसीव्हर असेल तर त्यावर आयबसचं (त्या कंपनीच्या सिरियल भाषेचं) सेन्सरचं भोक असतं. ओपनएक्ससेन्सर आयबस बोलतो. पण मूळ फर्मवेअरमध्ये चढ-उताराचा सूर नाही, फक्त पडद्यावर आकडा. विमान सोडून पडद्याकडं पाहत उडवायचं असेल तर त्यापेक्षा काकांचं डोळ्याचं शिक्षण बरं. त्या रेडिओवर व्हेरिओसाठी पैसे घालू नका. ते पैसे बाजूला ठेवा आणि पुढं रेडिओ बदलताना एजटीएक्स घ्या.

काळी_कपाशी
आणि विमानात बझर लावला तर?

राळ_आणि_कथील
शंभर मीटरनंतर ऐकू येत नाही. दुपारचा वारा असला तर त्याच्याही आधी. कोणी आवाज खाली पाठवायला एचसी-१२ रेडिओ मॉड्यूल सुचवेल, म्हणून तेही सांगतो. ते ४३३.४ ते ४७३ मेगाहर्ट्झ आणि १०० मिलिवॉटचं असतं. आपल्याकडं विनापरवाना सवलत ४३३ ते ४३४ मध्ये आणि १० मिलिवॉटपर्यंत आहे. त्या नादी लागू नका.

तुराटी
सामान मागवण्याबद्दल थोडं. ज्यात रेडिओ आहे (रिसीव्हर, ट्रान्समीटर) ते परदेशातून स्वतः मागवलं तर ईटीएची (बिनतारी उपकरणाच्या सरकारी मंजुरीची) भानगड येते आणि पार्सल कस्टममध्ये अडकतं. अलीएक्सप्रेस तर नोव्हेंबर २०२० पासून आपल्याकडं बंदच आहे. नुसत्या सेन्सर बोर्डात रेडिओ नसतो. बीएमपी, एमएस५६११, आरपी२०४० हे देशातल्या ऑनलाइन दुकानांत मिळतं, तालुक्यापर्यंत कुरिअर येतं. नागपूरला जाणं होत असेल तर बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) पाहा, पण एमएस५६११ तिथं हमखास असेलच असं नाही.

घेताना दोन गोष्टी. सहा पिनांचा छोटा जांभळा बीएमपी२८० बोर्ड थेट ५ वोल्टवर लावायचा नसतो, त्यावर रेग्युलेटर नाही. ३.३ च द्यायचे. रिसीव्हरच्या ५ वोल्टला लावला की मेला, आणि मेलेला सेन्सर पुष्कळदा गरम लागतो, तेवढी ओळख. जीवाय-६३ नावाचा एमएस५६११ बोर्ड येतो त्यावर रेग्युलेटर असतो. दुसरी गोष्ट, बीएमई२८० म्हणून बीएमपी२८० सर्रास खपवतात. चिपचा आयडी वाचला की कळतं: ०x५८ आला तर बीएमपी, ०x६० आला तर बीएमई. व्हेरिओसाठी दोन्ही सारखेच, आर्द्रतेचे जास्तीचे पैसे देऊ नका.

निळी_दोरी
सेन्सर कोणताही घ्या, बसवण्यात चुकलं की सगळं वाया. बहुतेक “सेन्सर खराब आहे” या तक्रारी बसवण्याच्या असतात.

एक, उजेड. एमएस५६११ च्या झाकणाला भोक असतं, त्यातून ऊन आत गेलं की रीडिंग उडी मारतं. पारदर्शक कॅनॉपीखाली ठेवला आणि विमानानं वळण घेतलं की प्रत्येक वळणाला खोटा चढ. “घिरटीत एकाच बाजूला वाजतो” असं कोणी म्हणालं की आधी उजेड तपासायचा. वर उघड्या छिद्रांचा स्पंज ठेवा. भांडी घासायच्या नव्या पिवळ्या स्पंजचा तुकडा चालतो, कोरडा. थर्माकोल नको, त्यातून हवा जात नाही. स्पंजवर काळ्या चिकटपट्टीचं छप्पर, बाजू उघड्या.

दोन, वारा. नाकातून थंडाव्यासाठी हवा घेतली असेल तर सेन्सर त्या झोतात नको. वेग बदलला की आतला दाब बदलतो. बॅटरीच्या मागं, पंखाखाली, शांत कोपऱ्यात. हवा बाहेर पडायला मागं भोक हवंच.

तीन, ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारा बोर्ड. उष्णता आणि विजेची खरखर दोन्ही. दहा सेंटीमीटर तरी लांब. सेन्सरच्या तारा पंधरा-वीस सेंटीमीटरच्या आत, मोटरच्या तारांना समांतर नेऊ नका. सर्व्हो जोरात फिरले की सूर तुटत असेल तर सेन्सरच्या पुरवठ्यावर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

चार, चिकटवणं. उन्हात बंद फोमच्या बॉडीत हॉट ग्लू सुटतो आणि बोर्ड आत लोंबतो. दोऱ्यानं किंवा वेल्क्रोनं बांधा.

तुराटी
उडवण्याआधी घरी तपासायची सोपी रीत: बोर्ड झिपवाल्या प्लॅस्टिक पिशवीत घाला, तारेपाशी टेप लावून तोंड बंद करा, पिशवी तळहातानं हळू दाबा. दाब वाढतो, व्हेरिओनं उताराचा आवाज द्यायला हवा. सोडली की चढ. सूर उलटा आला तर बोर्ड नव्हे, रेडिओची मांडणी चुकली आहे. मग जमिनीवरून उचलून फळीवर ठेवा, दीड मीटरच्या चढाला आवाज आला पाहिजे. पंखा बंद करून करा. आणि घरात कोणी दार आपटलं तरी वाजेल, त्याला सेन्सरचा दोष म्हणू नका.

पऱ्हाटी_लँडिंग
आमच्या घरी मंग तो दिवसभर थर्मलच दाखवीन.

सव्वा_वोल्ट
रेडिओच्या मांडणीवर कोणी बोललं नाही, खरा रस तिथं आहे. एजटीएक्समध्ये व्हेरिओची रेंज मुळात सेकंदाला −१० ते +१० मीटर असते. फोमचा ग्लायडर −०.७ ते +२ मध्ये जगतो. एवढ्या रुंद पट्टीत सगळं एकाच सुरात ऐकू येतं आणि माणूस म्हणतो, व्हेरिओ बथ्थड आहे. रेंज −३ ते +३ करा, याहून अरुंद होत नाही. मधला भाग −०.५ ते +०.२, आणि तिथं आवाज बंद. विमानाचा नेहमीचा संथ उतार त्यात झाकला जातो, वाजतं ते कामाचं. स्रोत म्हणून व्हीएसपीडी (चढ-उताराचा वेग) निवडा. मग स्पेशल फंक्शनमध्ये एखाद्या स्विचवर व्हेरिओ लावा. हा स्विच विसरतात आणि आवाज येत नाही म्हणून तासभर तारा तपासत बसतात.

ईएलआरएसचा टेलिमेट्री रेशोही बघा. ५० हर्ट्झ आणि १:३२ असलं तर टेलिमेट्रीची पाकिटं सेकंदाला दीडेक येतात, उंचीचा निरोप एकाहून जास्त पाकिटांत मावतो, शिवाय सिग्नलची माहितीही त्यातच. सूर अडखळत येतो. १०० किंवा १५० हर्ट्झ आणि १:४ ठेवा. पल्ला थोडा कमी होईल, पण डोळ्याला दिसेल तेवढ्या अंतरात काही बिघडत नाही.

उन्हाळवाही
एक सांगा. काठी ओढली की विमान वर जातं, व्हेरिओ वाजतो. तो थर्मल थोडाच झाला?

राळ_आणि_कथील
काका, खरा प्रश्न हाच. याला स्टिक थर्मल म्हणतात. सेकंदाला १५ मीटरच्या वेगात साडेअकरा मीटर उंचीइतकी ऊर्जा असते, १० च्या वेगात पाच मीटरइतकी. वेग पंधरावरून दहावर आणला की हवेनं काही न देता विमान साडेसहा मीटर वर जातं. घर्षणात थोडं जातं ते वेगळं. व्हेरिओ तेवढा वेळ आनंदानं गातो.

मोठ्या ग्लायडरना यावर टोटल एनर्जीची नळी असते, शेपटावर उभी, वेगामुळं येणाऱ्या हवेच्या दाबाइतकाच उलटा दाब देणारी. मॉडेलमध्ये एमएस४५२५ हा वेगाचा सेन्सर लावून ओपनएक्ससेन्सर तोच हिशोब आकड्यांत करतो. पण तो सेन्सर एकट्यानंच धुऱ्यावरच्या भाऊंचं बजेट संपवेल. फोमच्या विमानाला गरज नाही. वेग एकसारखा ठेवायचा, आणि काठी ओढल्यावर पहिले दोन-तीन सेकंद सुरावर विश्वास ठेवायचा नाही.

उन्हाळवाही
म्हणजे शेवटी काठीवरचा हातच शिकवायचा. मी हेच म्हणत होतो.

काळी_कपाशी
स्पर्धेत चालतं का हे?

निळी_दोरी
एफ५जे, एफ३के या ग्लायडरच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धाप्रकारांत नाही. तिथं विमानाकडून सिग्नलची ताकद आणि बॅटरीचं वोल्टेज एवढंच खाली यायला मुभा आहे. तिथं काका जिंकतील.

घारघिरट्या
आता थर्मल कुठं शोधायचे तेही लिहा कोणीतरी. व्हेरिओ तर फक्त सापडल्यावर वाजतो.

तुराटी
वरूड-मोर्शीकडं असाल तर ओलिताची संत्र्याची बाग आणि शेजारचं उन्हाळवाही केलेलं काळं वावर यांची हद्द. वारा बागेवरून वावरावर येत असेल तर हवा वावरावर तापते आणि पलीकडच्या धुऱ्याशी सुटते. हिंगणघाटकडं जिनिंगची टिनाची छपरं. फेब्रुवारी-मार्च आणि ऑक्टोबरची दुपार शिकायला चांगली, चढ मऊ असतो. मे मधला चढ जोरदार, पण कडेला उतारही तेवढाच, फोमचे पंख वाकतात. वावटळ दिसली तर तिच्या वर चढ असतो हे खरं, पण जमिनीलगत तिच्यात शिरायचं नाही.

उतरताना पऱ्हाटी उभी असलेलं वावर टाळा. खुंट फोममध्ये घुसतात.

पऱ्हाटी_लँडिंग
माहं नाव कायले घेता?

धुऱ्यावरचा
सगळ्यांचे आभार. आता एवढंच सांगा, माझ्या दोन हजारांत नेमकं काय मागवू?

सव्वा_वोल्ट
सोल्डरिंग येतं म्हणता, तर आरपी२०४०-झिरो एक, जीवाय-६३ एक, सिरियलवाला ईएलआरएस नॅनो रिसीव्हर एक, २८ गेजची सिलिकॉन तार, सर्व्होच्या पिनांची पट्टी. तुमचा सध्याचा रिसीव्हर काढून ठेवा. प्रोग्रॅमिंग लागत नाही: बोर्डावरचं बूट बटण दाबून यूएसबी लावा, पेनड्राइव्हसारखा दिसतो, तयार यूएफ२ फाइल त्यात टाका. मग सिरियल टर्मिनलमधून कोणती पिन कशाला ते एकेका ओळीत टाइप करून सेव्ह करायचं. चार सर्व्हो लावणार असाल तर त्यांना ५ वोल्ट बोर्डातून देऊ नका, बीईसीतून (सर्व्होंना ५ वोल्ट देणाऱ्या पुरवठ्यातून) वेगळे द्या, फक्त ग्राउंडची तार एक करा.

पहिल्या उड्डाणाआधी फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर विमान काय करतं ते) तपासा. सिग्नल आता आरपी२०४० काढतोय, रिसीव्हर नाही. मोटरचा पंखा काढून ठेवा, रेडिओ बंद करा, मोटर थांबते का पाहा.

राळ_आणि_कथील
त्यात भर: जीवाय-६३ मिळेपर्यंत थांबवत नसेल तर बीएमपी२८० लावून सुरुवात करा, ओपनएक्ससेन्सर तोही ओळखतो. पुढं फक्त सेन्सर बदलायचा, बाकी तारा त्याच.

धुऱ्यावरचा
मग बीएमपी२८० घरात पडलाच आहे, जांभळा, सहा पिनांचा. ३.३ आरपी२०४० च्याच पिनेवरून घेऊ ना?

राळ_आणि_कथील
हो, ३व्ही३ लिहिलेल्या पिनेवरून. ५व्ही तिच्यापासून एकच पिन सोडून असते, उजेडात सोल्डर करा.